‘गोळ्या सुरू केल्या आणि वजन वाढलं’ – एका तक्रारीचा इतिहास

“डॉक्टर, खाणं तेवढंच आहे, पण या गोळ्या सुरू झाल्यापासून कपडे घट्ट व्हायला लागलेत.” ही तक्रार दवाखान्यात नेहमी कानावर येते. पेशंट ती बहुतेक वेळा शेवटी, उठता उठता करतात आणि वर “तुम्हाला वाटेल मी कारणं सांगतोय” असंही म्हणतात. काही जण तर तक्रारच करत नाहीत. ते गुपचूप गोळी बंद करतात आणि मूळचा आजार उलटला की काही महिन्यांनी पुन्हा भेटतात.

ही तक्रार खरी असते का? बऱ्याच औषधांच्या बाबतीत ती अगदी खरी असते. काही औषधं भूक वाढवतात, काही शरीरात पाणी धरून ठेवतात, काही चरबी साठण्याची जागाच बदलतात. गंमत म्हणजे हे सगळं डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर गेली शंभर वर्षं घडत होतं. तरीही रुग्णाच्या तक्रारीला ‘दुष्परिणाम’ म्हणून गांभीर्याने घ्यायला वैद्यकशास्त्राला बराच उशीर झाला. असं का झालं, हे समजून घेतलं तर आपल्या औषधांबद्दल डॉक्टरांशी काय आणि कसं बोलायचं, हेही कळेल.

वजन वाढणं म्हणजे जीव वाचणं

सुरुवात इन्सुलिनपासून करू. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा दाखल होता. त्याचं वजन होतं जेमतेम २९ किलो. त्या काळी लहान वयातल्या मधुमेहावर एकच उपचार होता, तो म्हणजे उपासमार. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांच्या पद्धतीने मुलांना इतकं कमी खायला देत, की साखर आटोक्यात राही पण मूल हाडांचा सापळा होई. ११ जानेवारीला लिओनार्डला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. ते फारसं शुद्ध नव्हतं आणि त्याचा उपयोगही झाला नाही. २३ जानेवारीपासून शुद्ध केलेला अर्क दिला आणि साखर झपाट्याने उतरली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूजेस ही मुलगी टोरांटोला आली. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. पंधरा वर्षांच्या या मुलीचं वजन तेव्हा २० किलोच्या आसपास होतं. इन्सुलिन सुरू झालं, ताटात पोटभर अन्न आलं आणि काही महिन्यांत तिचं वजन दुपटीच्या घरात गेलं. पुढे ती ७३ वर्षांची होईपर्यंत जगली.

इन्सुलिन नसताना खाल्लेली साखर पेशींत शिरत नाही, लघवीवाटे निघून जाते. इन्सुलिन मिळालं की तीच साखर अंगाला लागते. या मुलांचं वजन वाढणं हाच औषधाचा चमत्कार होता. त्यामुळे ‘वजन वाढलं म्हणजे औषध लागू पडलं’ हे समीकरण डॉक्टरांच्या मनात पक्कं बसलं. १९२० च्या दशकात मधुमेह नसलेल्या किडकिडीत माणसांनाही भूक लागावी म्हणून थोडं थोडं इन्सुलिन टोचलं जाई.

पण हेच इन्सुलिन पोट सुटलेल्या मध्यमवयीन मधुमेही माणसाला दिलं तर? त्याचा हिशेब व्हायला १९९८ साल उजाडलं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात मुख्यतः आहारावर ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत इन्सुलिन घेणाऱ्यांचं वजन दहा वर्षांत सरासरी ४ किलोने जास्त वाढलेलं दिसलं. ग्लिबेनक्लामाइड या गोळीने १.७ किलोने जास्त वाढ झाली. साखर काटेकोर ठेवल्याचा डोळे आणि मूत्रपिंडांना फायदा झाला, हेही त्याच अभ्यासाने दाखवलं. म्हणजे फायदा खरा होता आणि वजनही खरंच वाढत होतं. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, एवढं लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा पुन्हा दिसेल.

गोल झालेला चेहरा

दुसरं औषध स्टेरॉइड. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईंना एक नवीन इंजेक्शन दिलं. पुढे त्याचं नाव कॉर्टिझोन पडलं. तीन-चार दिवसांत त्या बाई चालू लागल्या आणि आठवड्याभरात बाजारात जाऊन आल्या. या शोधासाठी हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना १९५० साली, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, नोबेल पारितोषिक मिळालं.

नोबेलचा गाजावाजा सुरू असतानाच दुसरी बाजूही दिसू लागली होती. कॉर्टिझोन घेणाऱ्यांचा चेहरा चंद्रासारखा गोल व्हायला लागला. पोट सुटलं, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा आला आणि हात-पाय मात्र बारीक राहिले. हे चित्र डॉक्टरांना ओळखीचं होतं. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली शरीरातच हे संप्रेरक जास्त तयार झाल्यावर काय होतं याचं असंच वर्णन केलं होतं. त्यामुळे इथे कोणी रुग्णाला “तुम्ही जास्त खाता” असं म्हटलं नाही. बदल डोळ्यांना दिसत होता आणि त्याला आधीपासून नाव होतं.

१९५५ साली प्रेडनिसोन आलं. त्याने शरीरात मीठ-पाणी साठण्याचा त्रास कमी झाला. पण भूक आणि पोटावरची चरबी त्यानेही वाढतेच.

सर्दीच्या गोळीचं घराणं

आता या इतिहासातला सगळ्यात मोठा अध्याय. तो सुरू होतो सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांपासून.

१९३७ साली पॅरिसमधल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे आणि सहकाऱ्यांनी हिस्टॅमिन या रसायनाला अडवणारं पहिलं द्रव्य शोधलं. अंगावर पित्त उठणं, शिंका, खाज या सगळ्यांत हिस्टॅमिनचा हात असतो. त्याला अडवणारी औषधं म्हणजे अँटिहिस्टॅमिन. फ्रान्सच्या रोन-पूलांक या कंपनीने मग अशा औषधांची रांगच लावली. त्यातलंच एक प्रोमेथाझिन. आपल्याकडे ‘फेनरगन’ या नावाने ते घराघरांत ठाऊक आहे.

या औषधांनी झोप येते हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आंरी लाबोरी या फ्रेंच शल्यचिकित्सकाने हाच गुण हेरला. मोठ्या शस्त्रक्रियेआधी रुग्ण शांत राहावा म्हणून तो ही औषधं वापरू लागला. कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी याच घराण्यातलं, पण मेंदूवर जास्त परिणाम करणारं एक द्रव्य १९५० च्या डिसेंबरात तयार केलं. त्याचं नाव क्लोरप्रोमाझिन. ते दिलेले रुग्ण जागे असूनही शांत, अलिप्त राहतात हे लाबोरीच्या ध्यानात आलं. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर देनिकर या मानसोपचारतज्ज्ञांनी ते तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णांना दिलं. भास होणारी, ओरडणारी, बांधून ठेवावी लागणारी माणसं काही आठवड्यांत बोलू-जेवू लागली.

त्याआधी मनोरुग्णालयांची अवस्था काय होती? १९५५ साली एकट्या अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. अनेक जण तिथेच म्हातारे होत. क्लोरप्रोमाझिननंतरच्या काळात ही संख्या उतरणीला लागली. त्यामागे सरकारी धोरणंही होती, पण या औषधाशिवाय ते घडलं नसतं.

“आता अंगाला लागायला लागलं!”

क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांचं वजन वाढतं हे १९५० च्या दशकातच डॉक्टरांनी टिपून ठेवलं होतं, वैद्यकीय नियतकालिकांत छापलंही होतं. पण त्याचा अर्थ काय लावला? रुग्ण बरा होतोय, पूर्वी जेवत नव्हता, आता जेवतोय, म्हणून अंगावर मांस चढतंय. वजन वाढणं ही चांगली खूण आहे, असं अनेकांनी मानलं.

हा अर्थ अगदीच मूर्खपणाचा नव्हता. वर्षानुवर्षं उपाशी, भेदरलेल्या माणसाला भूक लागणं हे चांगलंच. आपल्या घरातही आजारातून उठलेल्या माणसाला पाहून आजी “आता जरा बाळसं आलं” म्हणते ना, तसंच. शिवाय तेव्हाचा मुख्य प्रश्न रुग्ण कोठडीबाहेर येईल का, हा होता. तो बाहेर येऊन पुढे तीस वर्षं जगणार आहे, आणि त्या तीस वर्षांत मधुमेह-हृदयविकार त्याला गाठू शकतात, एवढ्या लांबचा विचार कोणी करत नव्हतं.

दुसरंही एक कारण होतं. तक्रार करणारा ‘मनोरुग्ण’ होता. त्याच्या बोलण्याला एरवीही किंमत नव्हती. “मला सारखी भूक लागते” हे त्याचं वाक्य आजाराच्या खात्यात किंवा आळशीपणाच्या खात्यात जमा होई. औषधाच्या खात्यात ते क्वचितच जाई.

गोडाची ओढ आणि न भागणारी तहान

क्लोरप्रोमाझिनच्या रासायनिक सांगाड्यात थोडे बदल करून स्वित्झर्लंडमध्ये इमिप्रामिन तयार झालं. ते नैराश्यावर चालतं हे डॉ. रोलंड कुन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं. त्याच्याच कुळातलं अमिट्रिप्टिलिन १९६१ साली अमेरिकेच्या बाजारात आलं. ते आजही नैराश्य, अर्धशिशी, मज्जातंतूंच्या वेदना अशा कारणांसाठी सर्रास दिलं जातं.

नैराश्यातून बाहेर आलेल्या रुग्णांचं वजन वाढतच राहतं, हे पाहून १९७३ साली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ युजीन पेकेल आणि सहकाऱ्यांनी वेगळं काम केलं. त्यांनी रुग्णांना त्यांच्या खाण्याबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, की गोड आणि पिठूळ पदार्थांची अनावर ओढ लागते. हा संबंध बरं होण्याशी नव्हता, गोळीशी होता.

लिथियमची गोष्टही बोलकी आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. लिथियममुळे लघवी जास्त होते आणि तहान खूप लागते. १९७० च्या दशकात डेन्मार्कमधल्या डॉक्टरांना दिसलं, की ज्यांना तहान जास्त, त्यांचंच वजन जास्त वाढतंय. माणसं तहान भागवायला साखर घातलेली पेयं पीत होती! आपल्याकडे हेच काम साखरेचा चहा, सरबत आणि कोल्ड्रिंक करतात. नुसतं विचारल्याने एक सोपा उपाय हाती लागला: तहान लागली की साधं पाणी प्या. (लिथियम घेणाऱ्यांनी वजनासाठी पाणी किंवा मीठ अचानक कमी मात्र करू नये. त्याने रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.)

अखेर वजनकाटा बाहेर आला

जुन्या मानसिक औषधांनी हात थरथरणं, अंग ताठ होणं असे त्रास होत. हे त्रास न देणारं औषध म्हणून क्लोझापिनकडे आशेने पाहिलं जात होतं. पण १९७५ साली फिनलंडमध्ये त्याने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम घटून मृत्यू झाले आणि अनेक देशांनी ते मागे घेतलं. १९८८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, इतर कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी ३० टक्के रुग्ण क्लोझापिनने सुधारले. क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्के सुधारले होते. नियमित रक्त तपासण्याच्या अटीवर ते १९८९ साली परत आलं. १९९६ साली त्याच धर्तीचं, पण पांढऱ्या पेशींचा तेवढा धोका नसलेलं ओलांझापिन आलं आणि जगभर पसरलं.

ही औषधं हात-पाय ताठ करत नव्हती, पण वजन वाढवत होती. किती? १९९९ साली डेव्हिड अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांमधले आकडे एकत्र केले. नेहमीच्या डोसवर दहा आठवड्यांत सरासरी वाढ अशी दिसली: क्लोझापिन ४.४५ किलो, ओलांझापिन ४.१५ किलो, रिस्पेरिडोन २.१० किलो, हॅलोपेरिडॉल १.०८ किलो आणि झिप्रासिडोन ०.०४ किलो.

या ओळीने जुना समज मोडला. ‘बरं झाल्यामुळे’ वजन वाढत असतं, तर आजार बरा करणाऱ्या सगळ्याच औषधांनी ते साधारण सारखं वाढलं असतं. इथे एका औषधाने चार किलो आणि दुसऱ्याने जवळजवळ शून्य, असा फरक होता. म्हणजे दोष रुग्णाच्या जिभेचा नव्हता.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. २००३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटातल्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात रक्तातली साखर वाढण्याचा आणि मधुमेहाचा इशारा छापायला लावला. ओलांझापिनमुळे मधुमेह व इतर त्रास झाल्याचा दावा करणाऱ्या सुमारे ८,००० जणांशी एली लिली कंपनीने २००५ साली ६९ कोटी डॉलरपर्यंतच्या रकमेवर तडजोड केली. २००९ साली, मंजुरी नसलेल्या कारणांसाठी हे औषध खपवल्याच्या प्रकरणात याच कंपनीने गुन्हा कबूल करून एकूण १४१.५ कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं.

पण रुग्णाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा कागद २००४ सालचा होता. मधुमेह आणि मानसोपचार या दोन्ही क्षेत्रांतल्या अमेरिकी संघटनांनी एकत्र बसून नियम केला. अशी औषधं सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी करायची. मग चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला वजन, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी. मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढ झाली तर औषध बदलण्याचा विचार करायचा. साठ किलोच्या माणसासाठी ही मर्यादा फक्त तीन किलोंची होते. वजनकाटा १९५२ सालीही रुग्णालयात होताच. त्याच्यावरचा आकडा औषधाशी जोडून वाचायला पन्नास वर्षं लागली.

मग ही औषधं वाईट का?

नाही. आणि हाच या इतिहासातला खरा पेच आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केटी’ या अमेरिकी अभ्यासात ५७ केंद्रांवरच्या सुमारे १,५०० स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना वेगवेगळी औषधं देऊन १८ महिन्यांपर्यंत पाहिलं. सगळ्यात जास्त वजन ओलांझापिनने वाढवलं, महिन्याला जवळपास एक किलो. आणि सगळ्यात जास्त काळ रुग्ण टिकून राहिले तेही ओलांझापिनवरच. आजार उलटून भरती होण्याचं प्रमाणही त्यात कमी होतं.

जे औषध मन सावरतं तेच शरीराला जड पडतं. अशा वेळी “वजन वाढतं ना, बंद करून टाका” हे उत्तर चुकीचं आहे. “मन बरं आहे ना, वजनाचं काय घेऊन बसलात” हे उत्तरही तितकंच चुकीचं. मूळ आजार, इतर पर्याय, घरात मधुमेह आहे का, हे सगळं पाहून डॉक्टर आणि रुग्णाने मिळून निर्णय घ्यायचा असतो.

कारण सापडलं घराण्यातच

वजन नेमकं का वाढतं? २००३ साली १७ औषधांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात दिसलं, की जे औषध हिस्टॅमिनच्या ‘एच-वन’ ग्राहकाला जितकं घट्ट चिकटतं, तितकं ते वजन जास्त वाढवतं. २००७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. ओलांझापिन आणि क्लोझापिन मेंदूतल्या भुकेच्या केंद्रात भूक जागवणारं एक विकर वाढवतात, आणि ज्या उंदरांत हिस्टॅमिनचा हा ग्राहकच नव्हता त्यांत तसं घडलं नाही, असं त्यांत दिसलं.

हिस्टॅमिन फक्त शिंकाच आणत नाही. मेंदूत ते जागं ठेवतं आणि ‘आता पुरे, पोट भरलं’ हा निरोप पोचवायला मदत करतं. तो निरोप अडवला की पोट भरलं तरी मन भरत नाही. म्हणजे सर्दीच्या गोळीपासून निघालेल्या या घराण्याने आपला मूळ गुण सोडलाच नव्हता! सेरोटोनिनसारखी इतर रसायनंही यात भाग घेतात, पण हिस्टॅमिनचा वाटा मोठा आहे.

याच घराण्यातलं आणखी एक नाव म्हणजे सायप्रोहेप्टाडीन. हे अ‍ॅलर्जीचं औषध. १९६२ साली दम्याच्या मुलांवरच्या अभ्यासात त्याने भूक आणि वजन वाढल्याचं दिसलं. मग हा दुष्परिणामच विकायला काढण्यात आला! आपल्याकडे “भूक लागायचं टॉनिक” म्हणून मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत हेच असतं. त्याचं भावंड असलेल्या ब्युक्लिझिनला भुकेसाठी मिळालेल्या मंजुरीवर २०१२ साली आपल्या संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. किडकिडीत मूल जेवत नाही यामागे जंत, क्षय, रक्ताची कमतरता असं काही असू शकतं. टॉनिकने भूक वाढते, पण कारण झाकलं जातं. आणि “महिन्यात वजन वाढवा” म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत तर स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. गाल भरतात, पण ते आरोग्य नसून कॉर्टिझोनचा तोच जुना गोल चेहरा असतो.

आपल्याला जास्त जपायला हवं

हे सगळे आकडे बहुतेक युरोप-अमेरिकेतले आहेत. आपल्यासाठी त्यात एक भर घालायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो, तीही पोटात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या आत हवा. गोळीने वाढलेले चार किलो आपल्याला जास्त महाग पडू शकतात.

तुमच्या यादीत यातलं काही आहे का?

- मधुमेह: इन्सुलिन, ग्लिमेपिराइड-ग्लिबेनक्लामाइड गट, पायोग्लिटाझोन. मेटफॉर्मिनने वजन वाढत नाही.
- स्टेरॉइड: जास्त दिवस घेतलेलं प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन.
- मानसिक आजार: ओलांझापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, लिथियम, अमिट्रिप्टिलिन, मिर्टाझापिन.
- फिट्स आणि मज्जातंतू: व्हॅल्प्रोएट, प्रीगाबालिन, गाबापेंटिन.
- अर्धशिशी: फ्लुनारिझिन.
- रक्तदाब: अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल (वाढ सहसा एक-दीड किलोच).
- गर्भनिरोधक: तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. नेहमीच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी वजन लक्षणीय वाढतं याला मात्र ठोस पुरावा नाही.

प्रत्येकाचं वजन वाढेलच असं नाही. पण वाढणार असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांतच कल दिसतो.

काय करावं?

१. औषध सुरू होण्याच्या दिवशी वजन आणि कंबर मोजून कागदावर तारखेसह लिहा. हा पहिला आकडा नसेल तर पुढची तक्रार सिद्ध करता येत नाही.

२. पहिले तीन महिने दर आठवड्याला एकाच काट्यावर, सकाळी, उपाशीपोटी वजन करा.

३. ५ टक्क्यांची वाट न पाहता दोन किलो वाढले तरी डॉक्टरांना सांगा. आणि हे उठता उठता नको, सुरुवातीलाच सांगा. दोन-तीन दिवसांत एकदम वजन वाढलं, पाय सुजले, धाप लागली तर ते पाणी असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

४. नुसतं “वजन वाढलं” म्हणू नका. भूक वाढली, गोड खावंसं वाटतं, तहान लागते की दिवसभर झोप येते, ते सांगा. कारण वेगळं तसा उपाय वेगळा.

५. “याच आजारावर वजन न वाढवणारा पर्याय आहे का? डोस कमी करता येईल का? सोबत मेटफॉर्मिनसारखं काही देता येईल का?” हे प्रश्न जरूर विचारा. ते विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नाही.

६. औषध स्वतःहून बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. फिट्सची गोळी थांबवली तर फिट येऊ शकते. मानसिक आजाराची औषधं थांबवली तर आजार पहिल्यापेक्षा जोराने उलटू शकतो.

७. घरच्यांना विनंती: वजन वाढलेल्या माणसाला टोमणे मारू नका. तो आळशी झालेला नाही. त्याच्या मेंदूला ‘पोट भरलं’ हा निरोपच नीट पोचत नाहीये. तळलेले पदार्थ आणि मिठाई घरात कमी आणा, संध्याकाळी त्याच्यासोबत चालायला जा. बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

या शंभर वर्षांत औषधं शोधणाऱ्यांना नोबेल मिळाली, ते योग्यच झालं. पण “मला सारखी भूक लागते” असं प्रामाणिकपणे सांगत राहिलेल्या रुग्णांनीही शास्त्राला तितकंच शिकवलं. म्हणून संकोच करू नका. पुढच्या वेळी तपासायला जाल तेव्हा औषधांच्या चिठ्ठीसोबत वजनाचा कागदही घेऊन जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)